वादळांतून वांचलेलें बीज

घरांत मूल जन्मलें कीं नाक आजोबांचें, रंग आत्याचा, अशी वांटणी बारशापूर्वींच होऊन जाते. परंतु एखाद्या सबंध समाजाचाच आनुवंशिक सांठा पिढ्यानुपिढ्या कसा पालटतो, याचा विचार आपण क्वचितच करितों. या पालटाचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील दोहोंविषयीं येथें लिहावें असें आम्हीं योजिलें आहे. एक नैसर्गिक निवड, दुसरें निव्वळ यदृच्छा.

प्रशांत महासागरांतील कॅरोलाइन बेटांत पिंगेलाप नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. सुमारें १७७५ सालीं तेथें भयंकर तुफान झालें, आणि त्यांतून व मागाहूनच्या उपासमारींतून अवघे २० च्या आसपास जीव बचावले. त्यांपैकीं एकाच्या, बहुधा खुद्द तेथल्या अधिपतीच्याच, बीजांत एक दोष दडलेला होता. आईबाप दोघांकडून आला तरच तो प्रगट व्हावयाचा. म्हणून त्या पुरुषाला त्याची वार्ताहि नव्हती. बेट एकाकी, सोयरीक आपसांतच. कांहीं पिढ्यांनीं तेथें अशीं मुलें जन्मूं लागलीं कीं, रंग म्हणजे काय हें त्यांस ठाऊक नाहीं आणि दुपारच्या उन्हांत त्यांचे डोळे उघडत नाहींत. इतरत्र ३०-४० हजारांत एखाद्यास होणारी ही व्याधि पिंगेलापच्या लोकांत शेंकडा ५ ते १० जणांस आहे. त्या बीजाच्या अंगीं कोणताच गुण नव्हता. वादळांत कोण वांचावें याची ती केवळ सोडत होती.

निवड मात्र हिशेबी आहे. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं १९१० सालीं एका रोग्याच्या रक्तांतील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. इतका घातक दोष निसर्गानें निपटून कां टाकला नाहीं? अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून त्याचें उत्तर दिलें. हा दोष एकाच पालकाकडून आला तर मनुष्य बहुधा धडधाकट राहतो. इतकेंच नव्हे, तर प्राणघातक हिंवतापापासून त्याचें पुष्कळ रक्षण होतें. म्हणून हिंवतापाच्या मुलुखांत हें बीज टिकलें, आणि अनेकांच्या रक्षणाची किंमत दोन्हींकडून तें घेऊन आलेल्या थोड्या लेकरांनीं भरली.

भारतांत १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत हें बीज आढळलें. आपल्या विदर्भांत व सातपुड्याच्या पट्ट्यांतहि तें पुष्कळ आहे. हें आपल्याकडचें नव्हे, असें म्हणून वाचकांपैकीं कोणी निःश्वास सोडतील. पण शतकानुशतकें आपसांतच विवाह करणाऱ्या आपल्या पोटजाति म्हणजे जमिनीवरचीं बेटेंच नव्हेत काय? सगोत्र टाळलें तरी गोत्र बापाकडूनच मोजतात; आणि देशस्थांत मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ काळ चालत आली. थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा दोष तर अनेक जातींत आहे. वधूवर दोघेंहि अशा एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास व्याधि होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि पहिलें मूल निरोगी निघालें म्हणून दुसऱ्याचा संभव उतरत नाहीं. वाहक कोण हें रक्ताच्या तपासणीनें विवाहापूर्वींच कळतें. एकनाड आली म्हणून स्थळ मोडणारे गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले; रक्ताचा कागद मागणारा एकच पाहिला, आणि त्याला व्याह्यांनीं विक्षिप्त ठरविलें.