डोळ्याचें बियाणें

चुना ही वस्तु आमच्या घरांत परकी नाहीं. पानाच्या डब्यांत ती असते, सणापूर्वीं भिंतींवर ती चढते, आणि शेतावर निघालेल्या माणसाच्या खिशांत तंबाखूशेजारीं तिची पुडी असते. जानेफळासारख्या गांवीं कोणत्याहि लहानशा दुकानांत ती मिळते; म्हणूनच तिचें भय कोणी बाळगीत नाहीं. परंतु हीच पुडी मुलाच्या हातीं खेळणें म्हणून आली, त्यानें ती दाबली व ती फुटली, तर आंतील चुना सरळ त्याच्या डोळ्यांत उडतो. दिल्ली व हैदराबाद येथील नेत्रवैद्यांनीं अशा मुलांचे वृत्तांत प्रसिद्ध केले आहेत. अशा डोळ्याचें पुढें काय होतें, आणि त्यास दृष्टि परत देण्याचा कोणता मार्ग आधुनिक विद्येनें काढला आहे, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डोळ्याच्या अग्रभागीं काचेसारखा एक स्वच्छ पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिनी एकहि नाहीं, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. त्याच्यावरील पांचसहा थरांची नाजूक त्वचा सतत झिजते व आठदहा दिवसांत नवी होते. ही नवी त्वचा येते कोठून? सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नेत्राचीं पांच मंडलें व सहा संधि सांगितले आहेत. त्यांपैकीं शुक्ल व कृष्ण या मंडलांमधील संधि, म्हणजे बुबुळ जेथें डोळ्याच्या पांढऱ्या भागास मिळतें ती वर्तुळाकार कड, ही येथें महत्त्वाची आहे. या कडेंतच पारपटलाच्या त्वचेच्या मूळपेशी राहतात, असें १९८६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. सुश्रुतास हें ठाऊक होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. नांव जुनें आहे, ज्ञान नवें आहे. दोहोंचा मान वेगवेगळा राखणें हेंच शास्त्रास शोभतें.

मूळपेशी, ज्यांस इंग्रजींत स्टेम सेल म्हणतात, त्या बियाण्यासारख्या होत. त्यांच्या विभाजनानें नव्या पेशी उत्पन्न होऊन मध्याकडे सरकत जातात व झिजलेली जागा भरतात. तरी बियाणें मात्र कडेस शिल्लक राहतें. चुना अल्कधर्मी असल्यामुळें डोळ्यांत खोलवर मुरतो. त्यानें ही कड सभोंवार जाळली कीं बियाणेंच नष्ट होतें. मग पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्यांनीं युक्त अशी त्वचा, पडीक शेतांत तण माजावें तशी, पारपटलावर पसरते आणि डोळा गढूळ होतो.

कोणी म्हणेल, नेत्रदानांत मिळालेलें पारपटल बसवावें म्हणजे झालें. पारपटलाचें पहिलें यशस्वी रोपण डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनीं ७ डिसेंबर १९०५ रोजीं ओलोमौत्स या मध्य युरोपांतील गांवीं केलें, आणि तो रोगी चुन्यानेंच डोळे भाजलेला एक मजूर होता. परंतु ज्या डोळ्याची कड समूळ जळाली आहे, तेथें नुसतें पारपटल टिकत नाहीं. दात्याच्या पारपटलावरील त्वचा कांहीं काळानें झिजून जाते. तिच्या जागीं नवी त्वचा रोग्याच्या स्वतःच्या कडेंतून यावयास हवी. बियाणें नाहीं, तेथें दुसऱ्याची उत्तम माती आणून घातली तरी पीक कसें यावें?

यावर उपाय निघाला तो असा. एक डोळा जळाला व दुसरा शाबूत असला, तर शाबूत डोळ्याच्या कडेचा एक दोन चौरस मिलिमीटरांचा तुकडा काढावयाचा आणि प्रयोगशाळेंत त्यांतील पेशी वाढवून त्यांची चादर जळालेल्या डोळ्यावर बसवावयाची. इटलींतील संशोधकांनीं १९९७ सालीं दोन रोग्यांवरील असे प्रयोग प्रसिद्ध केले. २०१० सालीं त्यांनीं ११२ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांत शेंकडा सुमारें ७७ डोळ्यांत स्वच्छ त्वचा कायमची परत आली. २०१५ सालीं युरोपीय संघानें 'होलोक्लार' या नांवानें या उपचारास सशर्त मान्यता दिली. आपल्याकडे नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसनें २००८ च्या सुमारास 'रेलिनेत्र' या नांवानें असाच उपचार पुढें आणला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील डॉक्टर वीरेंद्र संगवान व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं त्याहून सोपी रीत मांडली: कडेच्या तुकड्याचे आठदहा बारीक कण करून ते गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर डोळ्यांतच पेरावयाचे. तीस प्रयोगशाळा लागत नाहीं, म्हणून ती गरिबांस परवडते.

आतां गोठविण्याचें प्रयोजन काय, तें पाहूं. ज्या डोळ्याचा तुकडा घ्यावयाचा, तोच रोग्याचा एकुलता एक डोळा असतो. पहिलें रोपण फसलें, तर त्याच डोळ्यावर पुन्हां शस्त्र चालवावयाचें काय? शेतकरी सगळें बियाणें एकदम पेरीत नाहीं. पाऊस दगा देईल, दुबार पेरणी करावी लागेल, म्हणून कांहीं राखून ठेवतो. तसेंच येथेंहि. युरोपांतील रीतींत पहिल्या वाढींतील पेशी गोठवून ठेवतात व शस्त्रक्रियेचा दिवस ठरल्यावर त्या जागृत करून त्यांची चादर तयार करतात. त्यामुळें जंतुपरीक्षेस वेळ मिळतो, आणि राखीव पेशी उरल्या तर चांगल्या डोळ्यास दुसऱ्यांदां हात लावण्याचा प्रसंग टळूं शकतो.

पेशी गोठविणें म्हणजे बर्फाच्या पेटींत ठेवणें नव्हे. पेशींत पाणी असतें. तें नुसतें गोठलें तर त्याचे स्फटिक पेशीचें आवरण फाडतात. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांस ग्लिसरीन हें या इजेपासून रक्षण करतें, असें आढळलें. १९५९ सालीं डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रव्याचा तोच गुण उजेडांत आला. असें रक्षक द्रव्य घालून पेशी साधारणपणें मिनिटास एक अंश या मंद गतीनें थंड करतात व मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनांत ठेवतात. जागृत करतांना मात्र घाई हवी: ३७ अंशांच्या पाण्यांत कुपी झटपट वितळवून रक्षक द्रव्य धुवून टाकतात, कारण उबेंत तेंच पेशीस अपाय करतें. अखंड पारपटल मात्र असें गोठवून नीट टिकविणें कठीण असतें. त्याच्या आंतल्या थरांतील पुष्कळ पेशी गोठविण्यानें मरतात व पुन्हां उगवत नाहींत. म्हणून आपल्याकडील नेत्रपेढ्या तें बहुधा दोन ते आठ अंशांवर, द्रवाच्या प्रकाराप्रमाणें चार ते चौदा दिवसच ठेवतात.

राखलेलें बियाणें उगवेल कीं नाहीं, हें पाहणेंहि तितकेंच अगत्याचें. आमच्या भागांतील जाणता शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवले तें मोजतो. वर सांगितलेल्या २०१० च्या वृत्तांतांत हाच न्याय दिसतो. ज्या चादरींत मूळपेशींची खूण दाखविणाऱ्या पेशी शेंकडा तीनांहून अधिक होत्या, तेथें शेंकडा ७८ रोग्यांस गुण आला. जेथें त्या तितक्या नव्हत्या, तेथें केवळ शेंकडा ११ जणांस. गोठविण्यांत कांहीं पेशी मरतातच. म्हणून किती वांचल्या यापेक्षां कोणत्या वांचल्या, हें पाहावें लागतें.

दोन्ही डोळे गेलेल्या रोग्यास स्वतःचें बियाणेंच नसतें. त्यास अनेकदां आप्ताच्या वा मृत दात्याच्या कडेंतील पेशी घ्याव्या लागतात, आणि शरीरानें त्या परक्या म्हणून टाकूं नयेत यासाठीं तीव्र औषधें सोसावीं लागतात. पुडी फुटून मुलाचे दोन्ही डोळे भाजण्याचा संभव असतोच, हें येथें लक्षांत ठेवावें.

म्हणून गृहिणींस व आजोबाआजींस आमचें सांगणें एवढेंच कीं, चुन्याची पुडी व पानाचा डबा मुलांच्या हातास लागणार नाहीं अशा उंचीवर ठेवावा. तरीहि प्रसंग ओढवलाच, तर तूप, मध, दूध असलें कांहींएक डोळ्यांत घालूं नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार तत्काळ सुरू करावी व निदान अर्धा तास ती थांबवूं नये. मेहकरास किंवा बुलढाण्यास नेण्यासाठीं गाडी दुसऱ्या कोणीं शोधावी. मुलाजवळच्या माणसानें धार सोडूं नये. कडेंतील बियाणें जळतें तें या पहिल्या घटकेंतच, आणि त्या घटकेस मुलाजवळ डॉक्टर नसतो, घरचेंच माणूस असतें.