ग्रीक भाषेत रागवायचं कसं?

ग्रीक माणूस भयंकर संतापला की म्हणतो, ‘व्यीका आपो ता रूखा मू’. म्हणजे, मी माझ्या कपड्यांतून बाहेर पडलो. ज्या भाषेत अंगाचा तिळपापड होतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते, त्या भाषेच्या माणसाला यात अवघड वाटावं असं काही नाही. तरीही ग्रीक शिकणारे आपल्याकडचे बरेच जण राग, भीती, आनंद यांपाशी येऊन अडखळतात. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. आपण ग्रीक शिकतो ते इंग्रजी पुस्तकांतून, आणि भावनांच्या बाबतीत हा वळसा फार महागात पडतो.

इंग्रजीत बहुतेक वेळा माणूस कर्ता असतो. तोच घाबरतो, तोच रडतो. मराठीत मात्र ‘मला रडू कोसळलं’, ‘मला भीती वाटली’, ‘माझे हातपाय गळाले’. भावना येते, आपण तिच्या तावडीत सापडतो. ग्रीकमध्ये रागवायला ‘थीमोसा’ असं साधं क्रियापद आहे, पण भावना जोराची असली की तिथलीही वाक्यरचना आपल्यासारखीच वळते. ‘मे एपिआसान ता येल्या’ म्हणजे मला हसण्याने धरलं, हसू आवरेना. हसण्याच्या जागी ‘क्लामाता’ घातलं की रडू कोसळलं. घाबरगुंडी उडाली तर ‘मू कोपिकान ता गोनाता’: माझे गुडघे तुटले. इथे क्रियापद गुडघ्यांप्रमाणे अनेकवचनी चालतं आणि माणूस उरतो तो सुरुवातीच्या छोट्याशा ‘मू’पुरता. इंग्रजीतून येणाऱ्याला हे घोटून पाठ करावं लागतं. मराठीतून थेट येणाऱ्याला ते आधीच अंगवळणी पडलेलं असतं.

हे गुडघे फार जुने आहेत. ‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात समुद्र खवळतो तेव्हा ओडिसियसचे गुडघे आणि काळीज ढिले पडतात, असं होमर सांगतो. पित्ताचंही तसंच. प्राचीन ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार देहरस मानले, आणि खिन्नतेचं मूळ काळ्या पित्तात शोधलं. आजच्या ग्रीकमध्ये कुणी अचानक दचकवलं की ‘पित्त तुटतं’. एवढ्या एका ठिकाणी मराठी माणसाने सावध राहावं: आपलं पित्त खवळतं ते रागाने, त्यांचं तुटतं ते भीतीने.

रागासाठी मात्र एक साचा हाती आला की अर्धं काम झालं. ‘एयिना’ म्हणजे ‘मी झालो’. त्यापुढे नाम ठेवायचं, तेही उपपदाशिवाय. ‘एयिना थिरिओ’, मी श्वापद झालो. ‘एयिना बारूती’, मी बारूद झालो. ‘एयिना पिर के मानिया’, मी आग आणि उन्माद झालो. ‘एयिना एक्सो फ्रेनोन’ म्हणजे भान सुटलं. यातलं ‘फ्रेनोन’ हे रूप थेट प्राचीन ग्रीकमधलं आहे. ग्रीसमध्ये शाळा आणि सरकारी कारभार यांत १९७६ पर्यंत पंडिती वळणाच्या भाषेचं राज्य होतं. ती मागे पडली, पण तिचे असे तुकडे रोजच्या भांडणांत टिकून राहिले. मला हे फार विलक्षण वाटतं.

याच साच्यातला ‘एयिना तुर्कोस’, म्हणजे मी तुर्क झालो, हाही वाक्प्रचार तुम्ही हमखास ऐकाल. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि १८२१ च्या उठावापर्यंत बहुतेक ग्रीक प्रदेश ऑटोमन सत्तेखाली राहिला. त्या काळाची कटुता या दोन शब्दांत शिल्लक आहे. तो समजून घ्यावा, पण बाहेरच्या माणसाने वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती जखम आपली नाही, आणि आज तो शब्द ऐकणाऱ्या तुर्की माणसाचा त्यात काही दोष नाही.

आता त्याच इतिहासाची दुसरी बाजू. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात झालेल्या लोकसंख्या अदलाबदलीच्या आगेमागे आशिया मायनरमधले दहा लाखांहून जास्त ग्रीक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्या वस्त्यांत, पिरेअस बंदराच्या आसपास, रेबेतिको हे गाणं बहरलं. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या गाण्यातलं दुःख ज्या शब्दांत बोलतं, त्यातले कित्येक तुर्कीतून आले आहेत आणि त्यांची मुळं फारसी-अरबीत आहेत. ‘देर्ती’ म्हणजे आपलं दर्द. ‘केफी’ म्हणजे आपला कैफ. ‘खातिरी’ म्हणजे खातर, ‘झोरी’ म्हणजे जोर. सुलतानांच्या दरबारांतून मराठीत आलेले शब्द भूमध्य समुद्राकाठी असे भेटतात. अर्थ मात्र तपासून घ्यावा. केफीत नशा असलीच पाहिजे असं नाही. चार माणसं जमली, बुझुकी वाजू लागलं आणि पाय आपोआप उठले, की ती केफी. ‘आज माझी केफी नाही’ असं म्हणणारा नुसता खट्टू असतो.

चूक होते ती एका बारीक जागी. मराठीत ‘आपल्या’ हा शब्द सगळ्यांना चालतो: मी आपल्या घरी गेलो, तो आपल्या घरी गेला. ग्रीकमध्ये माणूस बदलला की मालकीचा शब्दही बदलतो. मी ‘रूखा मू’मधून बाहेर पडतो, तो ‘रूखा तू’मधून आणि ती ‘रूखा तिस’मधून. हे घोळवून घोळवून म्हणायला हवं, नाहीतर आपल्या रागाने दुसऱ्याचेच कपडे उतरतात आणि समोरच्याचं लक्ष रागाकडून व्याकरणाकडे जातं.

मायेचे शब्द शिकायला याहून सोपे. ‘मात्या मू’ म्हणजे माझे डोळे, ‘प्सिही मू’ म्हणजे माझा जीव. आजी नातवाला हे म्हणते, प्रेयसी प्रियकराला म्हणते, आणि ओळखीची भाजीवाली गिऱ्हाइकालाही म्हणते. लेकरू देखणं दिसलं तर दृष्ट लागू नये म्हणून ‘फ्तू फ्तू’ करत थुंकल्यासारखं करतात. आपल्या घरांतली मीठमोहऱ्यांची दृष्ट आठवणाऱ्याला ते उलगडून सांगावं लागणार नाही.

हातांचं मात्र जपावं. पाचही बोटं ताणून तळवा समोरच्याच्या चेहऱ्याकडे केला, की ती ‘मूद्झा’, घोर अपमानाची खूण. आपल्याकडे याच हाताने आशीर्वाद देतात, ‘थांबा’ म्हणतात, पाच नग मागतात. ग्रीसमध्ये पाच दाखवायचे असतील तर तळवा स्वतःकडे वळवावा, किंवा तोंडाने ‘पेंदे’ म्हणावं.