राऊटर घेताय? आधी घराकडे पाहा!

मिक्सर घ्यायचा म्हटला की आपण चार दुकानं पालथी घालतो. मोटर किती वॅटची, भांडी किती, शेजारच्या वहिनींचा किती वर्षं टिकला, सगळं विचारून घेतो. आणि ज्या डब्यावर मुलांचा अभ्यास, घरून चालणारं ऑफिस, बँकेची कामं आणि पुण्याला नोकरीला असलेल्या लेकीचं रोजचं दर्शन अवलंबून, तो राऊटर मात्र 'देतील तो' म्हणून ठेवून घेतो! मैत्रिणींनो, असं का बरं?

"त्यातलं आपल्याला काय कळतं?" असं मुळीच म्हणू नका. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा शाळा, कॉलेज आणि कचेरी एकाच छपराखाली आली होती. कोणत्या खोलीत आवाज तुटतो, कोणत्या कोपऱ्यात चित्र थिजतं, हे घरभर वावरणाऱ्या गृहिणीलाच आधी कळतं. राऊटर निवडताना हीच माहिती कामाची.

दोष नक्की कोणाचा?

"काहून बंद पडते वो हे घडोघडी?" हा प्रश्न आपल्या राजापेठेत घरोघरी ऐकू येतो. नवा राऊटर आणण्याआधी एक साधी परीक्षा करा. मोबाइल घेऊन राऊटरच्या अगदी जवळ उभ्या राहा. तिथे सगळं झकास चालतं आणि आतल्या खोलीतच अडतं, तर प्रश्न पोचण्याचा आहे. जवळही अडखळतं, तर घरात कॉम्प्युटर असल्यास तो वायरीने थेट राऊटरला जोडून पाहा. तरीही तेच रडगाणं असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. मग तक्रार कंपनीकडे करा. नव्या राऊटरवर पैसे घालून उपयोग नाही.

फायबरची जोडणी असेल तर आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या. फायबरमधून येतो तो प्रकाश. त्याचं इंटरनेट करणारं यंत्र आणि राऊटर पुष्कळदा एकाच डब्यात असतात. त्यामुळे कंपनीचा डबा बहुतेक ठेवावाच लागतो आणि आपला राऊटर त्याला जोडायचा असतो.

भिंती, कूलर आणि कपाट

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब पोचते, पण वेग कमी. शिवाय तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि मायक्रोवेव्हचीही गर्दी. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. म्हणून दोन्ही पट्ट्या असलेला, म्हणजे 'ड्युअल बँड' राऊटरच घ्यावा.

आता आपलं घर पाहा. जुन्या घराच्या जाडजूड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात खऱ्या, पण लहरी अडवतात. पत्र्याचा कूलर तर दुहेरी अडथळा: बाहेरून पत्रा, आत पाणी! लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा यांचंही तेच. तेव्हा राऊटर घराच्या मध्यावर, कमरेपेक्षा उंच आणि मोकळ्या जागी हवा. टीव्हीच्या कपाटात कोंडू नका. आणि हो, धूळ बसते म्हणून त्यावर विणलेला रुमाल घालू नका हं! आतली उष्णता जायची वाट बंद होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्यात तो बिचारा दिवसरात्र चालू.

घर दुमजली असेल तर एकच राऊटर सगळीकडे पुरेल ही आशा सोडा. वर वायर ओढून दुसरं यंत्र बसवणं सर्वांत भरवशाचं. वायर नको असेल तर 'मेश' संच मिळतो. स्वस्तातला रिपीटर लहर पुढे नेतो, पण वेग बराच खातो.

दुकानात काय विचाराल?

अँटेना मोजून राऊटर निवडू नका. चार शिंगांचा राऊटर दोन शिंगांच्यापेक्षा चांगला असेलच असं नाही. खोक्यावरचे मोठे आकडेही सर्व पट्ट्यांची बेरीज असते. आपण पैसे १०० एमबीपीएसचे भरत असू, तर हजारोंचे आकडे घेऊन काय करायचं? मात्र प्लॅन १०० च्या वरचा असेल तर 'गिगाबिट पोर्ट' आहेत ना, हे जरूर पाहा. साधं पोर्ट १०० च्या पुढे जाऊच देत नाही. घरात पंधरा-वीस उपकरणं जोडलेली असतील तर वाय-फाय ६ चा राऊटर बरा. तो गर्दी नीट सांभाळतो.

वॉरंटी किती, बिघडला तर अमरावतीतच बदलून मिळेल का, हे विचारून पक्कं बिल घ्या. अडॅप्टरवर बीआयएसची खूण पाहा.

वीज गेली तर?

वीज गेली की राऊटर बंद, आणि नेमकी तेव्हाच परीक्षा! राऊटरला वीज फार लागत नाही. १० वॅटचा असेल तर दिवसरात्र चालून महिन्याला सुमारे ७ युनिट. त्यामुळे छोटा 'मिनी यूपीएस' पुरतो. अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. कंपनीचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, हे विसरू नका. विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढून ठेवावा.

कुलूप लावलंत का?

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल सानपाड्याच्या एका अमेरिकन गृहस्थांच्या इंटरनेटवरून गेल्याचं निघालं. पोलीस त्यांच्या दारी आले, कॉम्प्युटर तपासणीला गेले. पुढे कळलं की त्यांच्या उघड्या वाय-फायचा वापर दुसऱ्यानेच केला होता! दार आपलं उघडं आणि जाब आपल्यालाच.

म्हणून डब्लूपीए ३, निदान डब्लूपीए २ असलेलाच राऊटर घ्या. वाय-फायचा पासवर्ड तर बदलाच, पण राऊटरच्या सेटिंगचा वेगळा पासवर्ड असतो, तोही बदला. तो कोणाच्या हाती लागला तर आपल्याला नकली संकेतस्थळावर नेता येतं. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क ठेवा. कंपनी सुधारणा पाठवणं बंद करते असा जुना राऊटर, चालू असला तरी, बदललेला बरा.

बसवायला आलेला मुलगा पासवर्ड लिहून देतो आणि तो कागद हरवतो, असं होऊ देऊ नका. "दादा, मला समोर बदलून दाखव," असं म्हणा आणि आपल्या वहीत लिहून ठेवा. घरच्या किल्ल्या आपण सांभाळतोच ना? त्याच जुडग्यातली ही एक.