शेवंतीला अंधार, ट्यूलिपला फ्रिज, मे फ्लॉवरला उपास

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तितके काढलेत.)

दिवाळी संपली, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं, की इन्स्टाग्रामवर ट्यूलिपच्या कंदांच्या जाहिराती सुरू होतात. फोटो अर्थात हॉलंडच्या शेतांचे. त्याच सुमारास मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, हे पुण्याच्या बाल्कनीत येईल का? दुसरा, नर्सरीतून आणलेली शेवंती पहिल्या वर्षी मस्त फुलली, आता नुसती पानंच का? खरं तर प्रश्न एकच आहे. फुलायचं कधी, हे झाड कॅलेंडर बघून ठरवत नाही, ते एका ठरावीक सिग्नलची वाट बघतं. तो सिग्नल तुमच्या घरी पोचतो का, एवढंच तपासायचं.

आधी शेवंती, कारण ती आपली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला लागते तीच. तिचा सिग्नल म्हणजे लांब रात्र. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा. हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, पण शेवंतीला बरोब्बर कळतो. रात्री लांबायला लागल्या की ती पानांचं काम थांबवून कळ्यांचं हाती घेते.

ही भानगड पहिल्यांदा नीट मांडली ती गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन कृषी खात्यातल्या दोघांनी, १९२० साली. त्यांच्याकडे 'मेरीलँड मॅमथ' नावाची तंबाखूची जात होती. उन्हाळ्यात ती उंचच उंच वाढायची, पण फुलायची नाही. त्यांनी भर उन्हाळ्यात झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली, आणि ती फुलली! पुढे असंही लक्षात आलं की झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी मोजणी बिघडते. फुलशेती करणारे हेच मुद्दाम करतात. पॉलिहाउसमध्ये रात्री बल्ब लावून शेवंतीची फुलं पुढे ढकलतात, म्हणजे भाव असेल तेव्हा माल काढता येतो.

आता तुमची बाल्कनी डोळ्यांसमोर आणा. समोर सोसायटीचा एलईडी, आत रात्री एकपर्यंत चालू ट्यूबलाइट. शेवंतीच्या दृष्टीने जूनच चालू आहे. खत बदलून, माती बदलून काही होणार नाही. कुंडी अशा कोपऱ्यात हलवा जिथे रात्री उजेड पडत नाही. जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला वर खोका पालथा घाला आणि सकाळी आठला काढा. कळ्या रंग दाखवेपर्यंत हे रोज करायचं, एक दिवसाआड नाही. नाताळात मिळणाऱ्या लाल पानांच्या पॉइन्सेटियालाही हाच नियम. शेंडे खुडायचे असतील तर ते पावसाळ्यातच. ऑगस्ट संपला की हात आवरायचा, नाहीतर येणाऱ्या कळ्याच तुम्ही खुडाल.

आता ट्यूलिप. याला अंधार-उजेडाचं फार पडलेलं नाही, त्याला हवी थंडी. गंमत अशी की तुम्ही कंद विकत घेता तेव्हा फूल आत तयार असतं. कंद उभा चिरला तर मधोमध ते चिमुकलं फूल दिसतंसुद्धा. फक्त त्याचा दांडा वर यायला कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे गारठा लागतो, नऊ अंशांच्या खालचा. त्या काळात आतल्या स्टार्चची साखर होते, हार्मोन्स बदलतात आणि दांडा लांब होण्याची तयारी होते. गारठा मिळाला नाही तर फूल पानांच्या बेचक्यातच अडकतं किंवा आतल्या आत सुकतं. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या ट्यूलिप बागेत हे काम हिवाळा फुकटात करतो, म्हणून तिथे मार्चअखेर-एप्रिलमध्ये बहर येतो. पुण्यात रात्री दहा-बारा अंश झाले तरी दुपारी एकोणतीस-तीस असतात. तो गारठा कामाचा नाही.

मग फ्रिज? चालतो, पण हिशोब करा. नोव्हेंबरच्या मध्यावर साधे कंद मागवले आणि १४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवले, तर बाहेर निघणार फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा आपल्याकडे पंखे फुल स्पीडवर असतात. जानेवारीत फूल हवं तर कंद ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच फ्रिजमध्ये जायला हवेत. म्हणून आत्ता घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच विचारा: कंद आधीच थंडीत ठेवलेले आहेत का, आणि किती आठवडे? उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा. आधीच गारठा दिलेले असतील तर आल्या आल्या लावा, घरातल्या सगळ्यात गार जागी.

फ्रिजबद्दल दोन गोष्टी. सफरचंद, केळी यांच्याजवळ कंद ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि आतली कळी मरते. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. कंद दिसतो अगदी कांद्यासारखा, पण विषारी असतो. आई घाईत पोह्यांसाठी काय चिरेल याचा नेम नाही.

एवढं करूनही ट्यूलिप आपल्याकडे एका वर्षाचा पाहुणा. फूल गेल्यावर पानांना काही आठवडे गार हवेत अन्न साठवायचं असतं, तेव्हाच नवा दमदार कंद बनतो. आपल्या उन्हात पानं त्याआधीच करपतात. ज्यांना हे माहीत असून हौस करायची आहे त्यांनी जरूर करावी. मी मात्र ते पैसे दुसरीकडे लावतो.

कुठे? कडक थंडीवर अडून न बसणारे कंद कितीतरी आहेत. ग्लॅडिओलस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठ-दहा सेंटिमीटर खोल लावा, भरपूर ऊन द्या, साधारण तीन महिन्यांत दांडे येतात. काठीचा आधार मात्र द्या, नाहीतर आडवे पडतात. नर्गिसच्या पांढऱ्या झुपक्याच्या जातीला फ्रिजची गरज नाही आणि वास असा की अख्खं घर दरवळतं. ज्यांना तो उग्र वाटतो त्यांनी कुंडी बाहेरच ठेवावी.

पण माझे खरे लाडके दोघं: अ‍ॅमरिलिस म्हणून विकला जाणारा लिली आणि मे फ्लॉवर, तो लाल चेंडू. यांचा सिग्नल उपासाचा. हिवाळ्यात मे फ्लॉवरची पानं पिवळी होऊन जातात आणि कुंडी रिकामी वाटते. नेमकी याच वेळी लोक ती माती दुसऱ्या रोपाला वापरतात, कंदासकट! तसं करू नका. पाणी जवळपास बंद करा, कुंडी सावलीत सरकवा आणि विसरून जा. उन्हाळा तापला, एखादा वळीव पडला की मातीतून थेट फूलच वर येतं, पानं मागून. अ‍ॅमरिलिसचं पाणी नोव्हेंबर ते जानेवारी अगदी कमी ठेवा. लावताना कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर राहू द्या, पूर्ण गाडला तर कुजतो. फेब्रुवारीपासून मानेशी लक्ष ठेवा. चपट्या, पोपटासारख्या चोचीचं काही बाहेर डोकावलं तर ते पान नाही, कळी आहे. त्या दिवसापासून पाणी सुरू.