आजारपणाच्या आधी काढायचा कागद

माझे धाकटे दीर महाविद्यालयात इतिहास शिकवतात. एम.ए., नेट, वर्षानुवर्षांचा अनुभव. राजूरमध्ये सगळे त्यांना 'सर' म्हणतात. पण नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे, फजरच्या सुमारास, त्यांच्या छातीत दुखू लागले. तसेच जालन्याला नेले. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली. रुग्णालय सरकारी योजनेत होते. तिथल्या आरोग्यमित्राने विचारले, "रेशनकार्ड आहे ना?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. चूल वेगळी झाली तेव्हा सासऱ्यांच्या कार्डातून त्यांचे नाव कमी केले होते. नवे कार्ड काढायचे राहूनच गेले. "आपल्याला कुठे रेशनचे धान्य आणायचे आहे?" असे ते म्हणायचे. जाऊबाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या.

अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. पण तीन आठवडे वर्गावर जाता आले नाही, म्हणून तेवढे मानधनही बुडाले. मी अनुदानित शाळेत आहे. मला आजारपणाची रजा आहे, वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती आहे. एकाच घरात दोन शिक्षक. एकाला आधार आहे, दुसऱ्याला नाही.

हक्काची योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना फक्त गरिबांची, असा समज अजून आहे. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. जुलै 2024 पासून पांढरे कार्डधारकही तिच्यात आले. एका कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण दीड लाखावरून 5 लाख रुपये झाले. हे 5 लाख सगळ्या कुटुंबाचे मिळून असतात. हप्ता भरावा लागत नाही. उपचार मात्र योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालय अंगीकृत हवे. साधा ताप, खोकला यात बसत नाही.

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे.

मग करायचे काय? रेशनकार्डावर घरातल्या सर्वांची नावे आहेत का ते पाहा. लग्न होऊन आलेली सून, नवे बाळ, वेगळा झालेला भाऊ, ही नावे हमखास राहतात. आधारवरच्या आणि कार्डावरच्या नावाचे स्पेलिंग जुळते का तेही पाहा. आपल्याकडे शेख, सय्यद कधी नावाआधी लागते, कधी नंतर. तिथेच गाडी अडते. दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा विभागात होते. त्यानंतर आयुष्मान कार्ड काढून ठेवा. जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, हे 155388 या क्रमांकावर विचारता येते.

स्वतंत्र पॉलिसी घ्यायची असेल तर

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते. म्हणून बीपी, शुगर सुरू होण्याआधी पॉलिसी घेतलेली बरी. असलेला आजार अर्जात लपवू नका. नेमका तोच दावा नाकारला जातो.

विमा जायज आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्यांच्यावर विश्वास आहे त्या मुफ्तींना पॉलिसीचे स्वरूप सांगून विचारा. पण या प्रश्नात अडकून, हप्ता नसलेली सरकारी योजनाही सोडून देऊ नका.

तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला आजारपणात एका दिवसाचीही पगारी रजा नसावी, हे कार्ड काढून सुटणारे दुखणे नाही. संस्थांनी आणि प्राध्यापक संघटनांनी सीएचबीवाल्यांसाठी निदान समूह विमा तरी उतरवावा.

दीर आता पुन्हा वर्गावर जातात. नवे रेशनकार्ड भोकरदनच्या तहसीलीतून त्यांनी स्वतः रांगेत उभे राहून आणले. स्टाफरूममध्ये नवा सीएचबी सहकारी आला की ते आधी विचारतात, "कार्डावर नाव आहे ना?"

बहिणींनो, आज कपाट उघडून आपल्याही घरचे कार्ड एकदा पाहून घ्या.