इंजिन बंद, जहाज चालू!

लंच ब्रेकमध्ये कुणी क्रिकेटचा स्कोअर बघतं, कुणी शॉपिंगच्या ऑफर्स. माझा टाइमपास म्हणजे जहाजं! मरीनट्रॅफिकसारखी साइट उघडायची आणि मुंबईसमोरच्या समुद्रातले रंगीबेरंगी बाण बघत बसायचं. एक बाण म्हणजे एक जहाज.

ही सगळी करामत 'एआयएस'ची, म्हणजे ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिमची. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांवर ती 2004 च्या अखेरीपासून सक्तीची आहे. चालतं जहाज दर 2 ते 10 सेकंदांनी रेडिओवरून सांगत असतं... मी इथे आहे, माझा वेग इतका, माझं नाक या दिशेला आणि मी चाललोय त्या दिशेला!

नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे? हो, खरी गंमत तिथेच आहे. इंजिन बंद केलं म्हणून जहाज जागच्या जागी थांबत नाही. बुडालेल्या भागाला प्रवाह ढकलतो, पाण्यावरच्या भागाला वारा. बरीच जहाजं मग वाऱ्याला आडवी होतात आणि कुशीवरच सरकत राहतात. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, म्हणून त्याला वारा जास्त लागतो.

हा काही नुसता टाइमपास नाही, बॉस. 2011 सालचा जून आठवतोय? अलंगला भंगारात निघालेलं 'विस्डम' टोइंगचा दोर तुटल्यावर थेट जुहूच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. पाठोपाठ 31 जुलैला 'पवित' आलं. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेला हा टँकर अख्खा अरबी समुद्र ओलांडून जुहूला पोचला, तोही एकही माणूस नसताना!

अशा बेवारस जहाजावर वीजच नसेल, तर त्याचा एआयएसही मुका होतो. मग ते कुठे जाईल हे शिकायचं कुणाकडून? तर धडधाकट जहाजांकडून! बंदरात जागा मिळेपर्यंत किंवा पुढची ऑर्डर येईपर्यंत अनेक जहाजं खोल समुद्रात इंजिन बंद करून वाहत राहतात. त्यांची लांबी, रुंदी आणि किती भाग पाण्याखाली आहे, हेही एआयएसवर असतं. त्याला त्या वेळचा वारा आणि प्रवाह जोडला की झाला फुकटातला प्रयोग. असे शेकडो प्रयोग जमले, की अंदाज तपासून घेता येतात.

याचा उपयोग काय? साधा हिशेब करा. 2 नॉट म्हणजे ताशी साधारण पावणेचार किलोमीटर. आपल्या चालण्यापेक्षाही कमी! पण 24 तासांत तेच 89 किलोमीटर होतात. म्हणजे किनाऱ्यापासून 90 किलोमीटरवर जहाज बंद पडलं आणि वारा-प्रवाह किनाऱ्याकडे असले, तर ओढून न्यायला टग पोचण्यासाठी हातात जेमतेम एक दिवस असतो.

माणसं शोधतानाही हेच गणित लागतं. हैदराबादच्या 'इन्कॉइस'ने 2016 मध्ये 'सारॅट' ही यंत्रणा सुरू केली. समुद्रात हरवलेली माणसं किंवा बोट वाहत कुठवर गेली असेल, याचा अंदाज ती देते. तिथे दिशा थोडी जरी चुकली, तरी तासन् तास रिकाम्या पाण्यात शोध चालतो आणि बोटीवरची माणसं वाट बघत राहतात.