पंखा फिरताना दिसला पाहिजे

माझ्या टेबलाच्या खणात एक छायाचित्र कित्येक दिवस पडून आहे. निळ्या आकाशात एक जुने डकोटा विमान आहे. सगळे कसे स्वच्छ! खिडक्या मोजून घ्याव्यात, शेपटीवरचा क्रमांक वाचावा, आणि दोन्ही इंजिनांपुढच्या पंख्यांची, म्हणजे प्रॉपेलरची, तिन्ही पाती वेगवेगळी पाहावीत. तरीही हे चित्र फसले आहे. त्यातले विमान उडत नाही. दुकानात दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखे ते लोंबकळते आहे. पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, “इंजिने बंद पडली होती की काय?”

चूक माझीच होती. विमान वेगवान, म्हणून शटरही वेगवान हवे, असे समजून मी ते १/१००० सेकंदावर ठेवले होते. आता थोडे गणित करू. डकोटाचे इंजिन नेहमीच्या उड्डाणात मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेते. मधल्या दातेरी चाकांमुळे पंखा त्याहून सावकाश, सेकंदाला सुमारे २० फेरे फिरतो. एक फेरा ३६० अंशांचा. म्हणजे १/१००० सेकंदात पाते फिरले अवघे ७ अंश! मग ते थांबल्यासारखे दिसले तर नवल काय? पाती तीन असल्याने दोन पात्यांत १२० अंशांचे अंतर असते. एका पात्याने पुढच्या पात्याच्या जागेपर्यंत पोहोचावे, तर चित्रात पारदर्शक, गोल चकती उमटते. त्यासाठी किती वेळ हवा? सेकंदातले फेरे गुणिले पात्यांची संख्या, २० × ३ = ६०. म्हणून १/६० सेकंद.

पण इथेच खरी अडचण सुरू होते. तासाला २५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १/६० सेकंदात मीटरभराहून अधिक पुढे सरकते. कॅमेरा स्थिर धरला तर पंखा छान येईल आणि विमान मात्र फराट्यासारखे उमटेल. उपाय एकच : कॅमेऱ्याने विमानाचा पाठलाग करायचा. पाय रोवून उभे राहा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि कमरेतून वळा. विमान चौकटीत एकाच जागी राहील अशा बेताने वळत राहा, वळता वळताच बटण दाबा आणि दाबल्यावरही वळणे थांबवू नका. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावरही बॅट पुढे जाऊ देतात ना, तसेच. सराव रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून एस.टी.च्या गाड्यांवर करावा. दहातली नऊ चित्रे बिघडतील. सुरुवातीला १/१२५ सेकंदावर समाधान माना. चकती पूर्ण होणार नाही, पण पाती फिरताना दिसतील.

एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही विचाराल. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले आणि तेथील विमानतळ वाचला. त्या कामगिरीची आठवण म्हणून, डागडुजी केलेले एक डकोटा २०१८ साली ब्रिटनहून उडत भारतात आले आणि हवाई दलात दाखल झाले. त्याचे नाव ‘परशुराम’, क्रमांक व्हीपी ९०५. डकोटाच्या मूळ नमुन्याने, डीसी-३ ने, पहिले उड्डाण केले १७ डिसेंबर १९३५ रोजी. इतक्या जुन्या घराण्यातले विमान अजून उडते, ही गोष्ट चित्रात दिसायला नको का? थांबलेल्या पंख्याचे चित्र संग्रहालयातही काढता येते.

जेट विमानांचा मामला उलटा. त्यांना बाहेर दिसणारा पंखा नाही, तेव्हा १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर खुशाल ठेवा. मात्र कानांवर विसंबू नका. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटर दूरच्या विमानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात सेकंदाला २५० मीटर जाणारे जेट ७५० मीटर पुढे निघून गेलेले असते. आवाजाच्या दिशेला वळणाऱ्यांच्या चित्रात हमखास रिकामे आकाश येते! हवा दमट असेल तर तीव्र वळण घेणाऱ्या जेटच्या पंखांवर क्षणभर पांढरे ढग फुटतात. तिथे दाब एकदम घटतो, हवा गार होते आणि बाष्पाचे थेंब बनतात. बंगळुरूजवळ येलहंका येथे १९९६ पासून भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात सकाळची वेळ साधा. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते आणि उत्तम भिंगही हात टेकते. आणखी एक : हवाई दलाच्या तळांवर एरवी छायाचित्रणाला बंदी असते. प्रदर्शनातही फलक वाचून, विचारूनच कॅमेरा काढावा.

मोबाइलने काढलेल्या चित्रात पाती केळ्यासारखी वाकलेली का दिसतात, हे कोडे तुम्हांला पडले असेल. बहुतेक मोबाइल संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाहीत. एकेक ओळ क्रमाने टिपतात. शेवटच्या ओळीची पाळी येईपर्यंत पाते पुढे सरकलेले असते. दोष पात्याचा नाही!

हे सारे घरी पडताळून पाहता येईल. छताचा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५. आपल्या सूत्राप्रमाणे ५ × ३ = १५. शटरचा वेग बदलता येणारा कॅमेरा स्टुलावर ठेवून १/१५, १/६० आणि १/५०० सेकंदांवर तीन चित्रे काढा आणि शेजारी शेजारी मांडा.

मग हे उदाहरण सोडवा. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावरून एक डकोटा गेले आणि त्याच्या दोन बाजूंना होती दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरे. एमआय-१७ चा मोठा पंखा पाच पात्यांचा. तो मिनिटाला १९२ फेरे घेतो. त्याची पूर्ण चकती यायला १/१६ सेकंद लागेल आणि डकोटाला पुरतो १/६०. तिन्ही एकाच चौकटीत आहेत आणि डोक्यावरून जायला त्यांना काही सेकंदच लागणार आहेत. तुम्ही शटर कितीवर ठेवाल?